संत्र्याची साल

पहिला भाग आला तेव्हा
गाडीची चाकं अष्टकोनी होती.
झाडं पुठ्ठ्याची. कुठूनही बघा,
आपल्याकडेच तोंड करून उभी,
फोटोसाठी थांबवलेल्या वऱ्हाडासारखी.
सीडी पासोड्या विठोबापाशी घेतलेली, तीस रुपयांची,
वर निळ्या मार्करनं नुसतं ‘कार’.
बोपोडीत अल्ताफ शिकलगारच्या कॅफेत
तासाला पंधरा, आणि मुलगी म्हणून मला
कोपऱ्यातलं मशीन, बटणं अडकणारं.
डावं बटण रुसलं की
अख्खी शर्यत मी उजवीकडून काढायची.

फर्स्ट शिफ्ट सुटली की बाबा न्यायला यायचे,
कंपनीच्या बसमधून उतरून तसेच.
अंगाला थिनरचा वास, कानामागे राखाडी प्रायमर.
पेंट शॉपमध्ये सत्तावीस वर्षं,
स्वतःची गाडी म्हणाल तर एक लूना.
पडद्यावरच्या लाल गाडीकडे बघून म्हणाले,
“हिला क्लिअर कोट नाही.
उन्हात चार महिने टिकायची नाही.”

दुसऱ्या भागात पोलीस मागे लागले.
तिसऱ्यात रात्र झाली,
गाडीखाली जांभळ्या ट्यूब पेटल्या.
“हा कुणाच्या मांडवाला निघालाय?”
चौथ्यात पहिल्यांदा पत्रा दबला.
मी भिंतीला घासली, दार चुरगळलं,
मला कोण आनंद,
आणि मागून बाबांच्या तोंडून “आई गं”.
पुढच्या शर्यतीला तीच गाडी कोरी करकरीत.
“रातोरात टचअप कुणी केलं?
त्याला ओव्हरटाइम दिला का?”
अल्ताफ हसून हसून गल्ल्यावर आडवा.

पाचवा कुणालाच आवडला नाही.
गाड्या कमी, बोलणं फार.
त्याच वर्षी कॅफे गेला, तिथं आता मोमो मिळतात.

सहाव्यात सगळं शहर मोकळं,
शर्यत नको तर नुसतं फिरा.
बाबा तेव्हा व्हीआरएस घेऊन घरी बसलेले.
“चिंचवडला जाते का ही?”
तासभर चालवली त्यांनी
त्या परक्या, रिकाम्या शहरात, तीसच्या स्पीडनं,
प्रत्येक सिग्नलला थांबत,
वळताना हात बाहेर काढायचं बटण कुठलं, ते विचारत.

सातवा, आठवा होस्टेलवर झाले.
नवव्यात पावसाचे थेंब
वेगानं काचेवरून वर चढायला लागले.

दहाव्यावर मी आहे.
खराडीत, सातव्या मजल्यावर, आम्ही तेरा जण
फक्त दारं आणि बॉनेटं करतो.
इंजिनं कुठल्या देशात होतात, मला माहीत नाही.
माझ्याकडे रंग.
इतका गुळगुळीत, की त्यावर ढगसुद्धा ठरत नाही.

बाबा सांगायचे, नजर तिरकी धर.
दारात ट्यूबलाइटची रेघ बघ.
रेघ थरथरली की समजायचं, संत्र्याची साल.
गन लांब गेली, नाहीतर हात दमला.
मग इन्स्पेक्टर तिथं खडूनं गोल मारतो.
तो गोल त्यांना कधी कधी घरी दिसायचा,
जेवताना, समोरच्या भिंतीवर.

एका हिरव्या गाडीच्या
मागच्या डाव्या दाराला, हँडलखाली,
तळहाताएवढी साल मी राहू दिली.
राहू दिली म्हणजे, केली. दोन दिवस लागले.
तपासणीतून सुटली. खडू कुणी मारला नाही.

दहावा घरी लावला तेव्हा
बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं,
दुसऱ्याचं दिवाळीनंतर.
हिरवी गाडी पडद्यावर सावकाश फिरत होती.
ते उठले, टीव्हीपाशी गेले,
मान वाकडी केली,
आणि अंगठा काचेवर टेकवला. नेमका तिथं.

“थिनर कमी पडलाय. पोरगं नवीन दिसतंय.
त्याला सांग, गन वीतभर जवळ धर,
मध्येच हात थांबवू नकोस.”

सांगते, म्हटलं.

“आणि त्याच्यावर ओरडू नका म्हणावं.”